विद्यापीठात नेमकं चालतं तरी काय?



महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या मराठी घरांमध्ये मी गेले की एक विषय हमखास निघतो. मुलगा किंवा मुलगी बारावीला असते, आणि आई-वडील विचारतात, "अमुक विद्यापीठ कसं आहे हो?" मी विचारते, "कसं म्हणजे?" मग कळतं, की त्यांना दोन आकडे हवे असतात. फी किती आणि नोकरी लागली तर पगार किती. दोन्ही आकडे महत्त्वाचे आहेत, त्यात शंका नाही. पण विद्यापीठात शिकवण्याखेरीज आणखी काही चालतं, ते नेमकं काय आणि त्याचा आपल्याशी काय संबंध, हे फारसं कुणी विचारत नाही. "संशोधन चालतं" एवढं सगळ्यांना ठाऊक असतं. त्या एका शब्दाच्या पोटात काय काय आहे, ते आज आपण बघू.

सगळ्या विद्यापीठांबद्दल एकदम बोलायला गेलं तर हाती काही लागत नाही. म्हणून मी एकच जागा घेते. बंगळुरूची इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्स. गावातले जुने लोक आणि रिक्षावाले तिला आजही 'टाटा इन्स्टिट्यूट' म्हणतात.

थोडी पार्श्वभूमी

जमशेटजी टाटांनी १८९०च्या दशकात या संस्थेची कल्पना मांडली आणि तिच्यासाठी मुंबईतली आपली मालमत्ता देऊ केली. १९०४ मध्ये ते वारले, संस्था त्यांना पाहायला मिळाली नाही. म्हैसूर संस्थानाने १९०७ मध्ये ३७१ एकर जमीन दिली, १९०९ मध्ये संस्था अधिकृतपणे उभी राहिली आणि १९११ मध्ये पहिले विद्यार्थी आले. १९५८ पासून तिला विद्यापीठाचा दर्जा आहे. आज तिथे चाळीसच्या आसपास विभाग आहेत. विमानशास्त्रापासून मेंदूच्या अभ्यासापर्यंत, गणितापासून जंगलापर्यंत.

ही यादी वाचत बसण्यात मजा नाही. मी तुम्हाला मोजकी कामं सांगते, आणि ती विषयाप्रमाणे न लावता, त्यांना किती वेळ लागतो आणि काय साहित्य लागतं, त्याप्रमाणे लावते. विद्यापीठ म्हणजे काय, हे त्यातून जास्त चांगलं कळतं असं मला वाटतं.

काही मिनिटांत कळणारी गोष्ट

घराच्या वळचणीला, खिडकीच्या चौकटीला गांधीलमाश्यांचं कागदासारखं पोळं तुम्ही पाहिलं असेल. आपण काय करतो? केरसुणी शोधतो. या संस्थेतले प्राध्यापक राघवेंद्र गदगकर यांनी मात्र अशाच एका जातीचा कित्येक दशकं अभ्यास केला. जातीचं शास्त्रीय नाव रोपालिडिया मार्जिनाटा.

त्यांची पद्धत ऐकण्यासारखी आहे. प्रत्येक माशीच्या अंगावर रंगाचे बारीक ठिपके द्यायचे, म्हणजे कोण कोणती ते ओळखता येतं. मग पोळ्यासमोर बसायचं आणि कोण काय करते ते टिपून ठेवायचं. पोळ्यात अंडी घालणारी राणी एकच असते, बाकीच्या माद्या कामकरी. आपल्याला वाटेल की राणी म्हणजे सगळ्यांना धाकात ठेवणारी असणार. या जातीत उलटं आहे. राणी अगदी शांत असते, कुणाला टोचत नाही की दटावत नाही. आता तिला पोळ्यावरून उचललं, की काही मिनिटांत एक कामकरी अचानक आक्रमक होते. राणी परत ठेवली, तर ती पुन्हा निमूटपणे कामाला लागते. राणी परत ठेवलीच नाही, तर साधारण आठवड्याभरात तीच अंडी घालू लागते, आणि तीही मग शांत होते.

खरी गंमत पुढे आहे. गादीसाठी मारामारी होत नाही. वारस कोण हे माश्यांमध्ये जणू आधीच ठरलेलं असतं, पण राणी असेपर्यंत ती वारस कोणती, हे बघणाऱ्या माणसाला ओळखता येत नाही. ती वयाने मोठी नसते, आकाराने वेगळी नसते, आधीपासून दादागिरी करणारी नसते. माश्यांना कळतं, आपल्याला नाही.

या कामाला अवाढव्य यंत्रं लागली नाहीत. रंग, वही, घड्याळ आणि चिकाटी. गदगकरांनी पुढे, अगदी थोड्या पैशांत पहिल्या दर्जाचं संशोधन कसं करता येतं, या विषयावर पुस्तकही लिहिलं. लहान गावातल्या महाविद्यालयांतल्या शिक्षकांनी हे मनावर घ्यावं असं मला फार वाटतं. "आमच्याकडे उपकरणं नाहीत" हे आपल्याकडचं सगळ्यात सोपं उत्तर झालं आहे.

एका ऋतूचा प्रश्न

आता त्याच आवारात, वातावरण आणि समुद्राचा अभ्यास करणाऱ्या विभागात जाऊ. सुलोचना गाडगीळ मूळच्या पुण्याच्या. परदेशातलं शिक्षण आणि काम आटोपून १९७०च्या दशकात त्या इथे आल्या आणि पुढची सगळी वर्षं त्यांनी मोसमी पावसाला दिली.

शाळेत आपण काय शिकलो? उन्हाळ्यात जमीन तापते, समुद्र त्यामानाने थंड असतो, म्हणून वारे समुद्राकडून जमिनीकडे येतात आणि पाऊस पडतो. ही कल्पना सतराव्या शतकातली, एडमंड हॅली यांची. धूमकेतूवाले हॅली तेच. ऐकायला ती पटते. पण एक साधा प्रश्न विचारून बघा. जमीन सगळ्यात जास्त कधी तापते? मे महिन्यात. मग भर पाऊस मे महिन्यात का पडत नाही? दुसरा प्रश्न. ज्या वर्षी पाऊस कमी, त्या वर्षी जमीन जास्त तापलेली असते की कमी? जास्त. म्हणजे नुसत्या तापण्याने पाऊस येत असता, तर दुष्काळाच्या वर्षी तो भरपूर यायला हवा होता.

गाडगीळ आणि पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेतले डी. आर. सिक्का यांनी उपग्रहांची चित्रं रोजच्या रोज तपासली आणि १९८० मध्ये एक निबंध प्रसिद्ध केला. त्यांनी दाखवलं, की विषुववृत्ताजवळ ढगांचा जो पट्टा पृथ्वीभोवती असतो, तो उन्हाळ्यात उत्तरेकडे सरकत आपल्या जमिनीवर येतो. आपला पावसाळा म्हणजे त्या पट्ट्याचा मुक्काम. मधूनच पाऊस दडी मारतो आणि पुन्हा सुरू होतो, तेही या पट्ट्याच्या हालचालींशी जोडलेलं आहे.

तुम्ही म्हणाल, कारण कोणतंही असो, पाऊस पडला म्हणजे झालं. पण कारण चुकीचं धरलं, तर अंदाज चुकतो. अंदाज चुकला, तर पेरणी चुकते. म्हणून गाडगीळ तिथे थांबल्या नाहीत. आंध्रातल्या अनंतपूर भागात कोरडवाहू भुईमूग करणाऱ्या शेतकऱ्यांचा प्रश्न त्यांनी हाती घेतला. पेरणी नेमकी कधी केली तर नुकसानीचा धोका कमी? शेतकऱ्यांचा अनुभव, पावसाच्या जुन्या नोंदी आणि पिकाचं गणित एकत्र करून त्याचं उत्तर शोधण्याचा तो प्रयत्न होता.

२००६ मध्ये त्यांनी सिद्धार्थ गाडगीळ यांच्यासह आणखी एक हिशेब मांडला. देशाच्या उत्पन्नातला शेतीचा वाटा घटत गेला, तरी मोठ्या दुष्काळाचा फटका देशाच्या एकूण उत्पन्नाला २ ते ५ टक्के एवढा बसतच राहिला. पावसाळा हवामानखात्यापुरता उरत नाही, तो अर्थमंत्र्यांच्या टेबलावरही असतो, हे या हिशेबाने आकड्यांत दाखवलं.

तीस वर्षांहून जुनी वही

या विद्यापीठातली एक प्रयोगशाळा बंगळुरूत नाहीच. ती तमिळनाडूतल्या मुदुमलईच्या जंगलात आहे. हत्तींचे अभ्यासक रमण सुकुमार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८८ च्या सुमारास तिथे ५० हेक्टर जंगल आखून घेतलं. छातीच्या उंचीवर एक सेंटिमीटरहून जाड असलेल्या प्रत्येक झाडाला क्रमांक दिला, त्याची जात आणि जागा नोंदवली, जाडी मोजली. अशी जवळपास २५ हजार झाडं. तेव्हापासून दर वर्षी जाऊन कोणतं झाड मेलं, कोणतं नवं आलं, हे पाहायचं. ठरावीक वर्षांनी सगळ्यांची जाडी पुन्हा मोजायची.

हत्तींच्या रानात एकेका झाडापाशी जाऊन त्याची पट्टी वाचायची. वणवा आला, दुष्काळ पडला, कळपाने सोलून टाकलेली झाडं दिसली, सगळं वहीत. याचा उपयोग काय? दुष्काळात सगळी झाडं त्याच वर्षी मरत नाहीत. मोठी झाडं पुष्कळदा काही वर्षांनी मान टाकतात. दोन वर्षांसाठी पैसे मिळालेल्या प्रकल्पाला ही गोष्ट दिसणारच नाही. तो प्रकल्प "जंगल सुरक्षित आहे" असा अहवाल देऊन मोकळा होईल.

इथे मला थोडं थांबावंसं वाटतं. आपण सगळेच विचारतो, "या संशोधनातून निघालं काय?" प्रश्न रास्त आहे, पैसा आपला असतो. पण उत्तरासाठी किती थांबायचं, हे प्रश्नावर ठरतं. गांधीलमाशीचं उत्तर काही मिनिटांत दिसतं, पावसाचं एका ऋतूत, जंगलाचं एका पिढीत. सगळ्यांना तीनच वर्षांची मुदत दिली, तर तीन वर्षांत सुटणारेच प्रश्न विचारले जातील.

या जंगलाभ्यासाच्या मुळाशी आणखी एक मराठी नाव आहे. माधव गाडगीळ. या संस्थेतलं पर्यावरणविज्ञानाचं केंद्र १९८३ मध्ये त्यांनी उभं केलं. निलगिरीचा परिसर १९८६ मध्ये देशातलं पहिलं जीवावरण राखीव क्षेत्र झाला, त्यामागे त्यांचं काम होतं. पश्चिम घाटाचा २०११ चा अहवाल तर तुम्हाला ठाऊकच आहे. अशा अहवालामागे वर्षानुवर्षांच्या नोंदी लागतात.

चुलीपाशी पोचलेलं विज्ञान

१९७४ मध्ये अमूल्य रेड्डी या रसायनशास्त्राच्या प्राध्यापकांनी इथे 'अस्त्र' नावाचा गट सुरू केला. विज्ञान आणि तंत्रज्ञान खेड्यांपर्यंत न्यायचं, हा हेतू. त्यांनी पहिलं काम केलं ते मोजणीचं. तुमकूर जिल्ह्यातल्या खेड्यांत घरोघरी जाऊन पाहिलं, की इथे ऊर्जा कुठून येते आणि जाते कुठे. सगळ्यात मोठा वाटा सरपणाचा निघाला, तोही मुख्यतः स्वयंपाकासाठी. आणि ते गोळा करण्याचं ओझं बायका-मुलांच्या डोक्यावर. तेव्हा देशात ऊर्जेची चर्चा म्हणजे धरणं आणि वीजकेंद्रं. या चर्चेत चूल नव्हतीच.

मग त्यांनी चूल केली. नाव 'अस्त्र ओले'. मराठी कानाला हे नाव गमतीचं वाटेल, ओल्या लाकडाची आठवण येईल. पण कन्नडमध्ये ओले म्हणजे चूल. तीन भांडी ओळीने बसतात, खाली जाळी, मागे धुराडं. प्रयोगशाळेत लाकडाच्या ४० टक्क्यांहून अधिक उष्णता भांड्याला मिळाली. साध्या चुलीत बहुतेक उष्णता वाऱ्यावर जाते.

याच गटाचा पुरा या गावातला अनुभव मला जास्त शिकवून जातो. तिथे त्यांनी गोबरगॅसचं सामायिक संयंत्र बांधलं, स्वयंपाकाला गॅस देण्यासाठी. पण सगळ्या घरांच्या चुली चालतील एवढं शेण गावात नव्हतं, आणि बेत फसला. तेव्हा गावाला काय हवंय याचा पुन्हा विचार झाला. गावाला हवं होतं घराजवळ पिण्याचं पाणी आणि नीट पेटणारे दिवे. १९८७ पासून त्याच गॅसवर इंजिन चालवून वीज केली गेली, त्या विजेवर बोअरचं पाणी नळाला आलं आणि घरांत दिवे लागले. शेण आणून द्यायचं, मोजून पैसे घ्यायचे आणि उरलेला राडा खत म्हणून परत न्यायचा. हा व्यवहार बराचसा बायकांच्या हातात होता. संयंत्र कित्येक वर्षं चाललं.

बिघाड यंत्रात नव्हता. गावाची गरज ओळखण्यात होता. हे उमगायला प्रयोगशाळेतून बाहेर पडावं लागलं.

वाऱ्याचा बोगदा आणि बोलीची नोंद

आता अगदी दुसऱ्या टोकाला जाऊ. विमानशास्त्राचा विभाग इथे १९४२ मध्ये, महायुद्ध चालू असताना सुरू झाला. १४ फूट रुंद आणि ९ फूट उंच तोंडाचा एक वाऱ्याचा बोगदा इथे आहे. विमानाची प्रतिकृती आत ठेवायची, वारा सोडायचा आणि तिच्यावर किती जोर पडतो ते मोजायचं. अशा बोगद्यात उंच इमारतींच्या प्रतिकृतीही तपासता येतात.

सतीश धवन १९५१ मध्ये या विभागात आले आणि १९६२ ते १९८१ संस्थेचे संचालक होते. १९७२ मध्ये त्यांना इस्रोचं प्रमुखपद देऊ केलं गेलं, तेव्हा त्यांनी दोन अटी घातल्या. इस्रोचं मुख्यालय बंगळुरूत हवं, आणि या संस्थेचं संचालकपद आपण सोडणार नाही. दोन्ही मान्य झाल्या. आणि लक्षात घ्या, अग्निबाणांचा विचार करणारा हाच माणूस संचालक असताना इथे चुलीचं आणि जंगलाचं काम सुरू झालं. विद्यापीठात हे शक्य असतं. एका छताखालचा एक विभाग दुसऱ्याला "तुझं काम बिनकामाचं" म्हणत नाही, किंवा म्हणाला तरी ते बंद पाडू शकत नाही.

आणि हे ताजं काम, तुमच्या-माझ्याशी थेट संबंध असलेलं. फोनला आपण मराठीत काही विचारतो आणि तो भलतंच ऐकतो, हा अनुभव घरोघरचा आहे. याचं कारण साधं आहे. यंत्राला शिकवायला आवाजांचे नमुने लागतात, आणि आपल्या भाषांचे ते फार थोडे आहेत. या संस्थेतल्या एका प्रकल्पात शेती आणि बँकव्यवहार या विषयांवरचं बोलणं नऊ भाषांत गोळा केलं गेलं. त्यात हिंदी, बंगाली, कन्नड, तेलुगू यांच्याबरोबर भोजपुरी, मगही, मैथिली, छत्तीसगढी आहेत, आणि मराठीही आहे.

दुसरा प्रकल्प 'वाणी' नावाचा, गूगलच्या साहाय्याने चालणारा. त्यात नमुने भाषांच्या यादीप्रमाणे घेत नाहीत, जिल्ह्यांप्रमाणे घेतात. देशातल्या ७७३ जिल्ह्यांत जायचं आणि तिथली माणसं जशी बोलतात तसं टिपायचं. एकूण दीड लाख तासांचं बोलणं जमवायचं, असं उद्दिष्ट आहे. आपल्या वाचकांना हा फरक चटकन कळेल. 'मराठी' म्हणून नमुना घेतला, तर तो बहुधा पुण्या-मुंबईचा घेतला जाईल. जिल्ह्याप्रमाणे गेलं, तर वऱ्हाडी, मालवणी, बेळगावची, इंदूरची, बडोद्याची आणि तंजावरची मराठी कानावर पडण्याची शक्यता निर्माण होते. आपली बोली यंत्राला कळली नाही, तर उद्या बँकेच्या आणि दवाखान्याच्या यंत्रापुढे आपल्या आजीला तोंड मिटून बसावं लागेल.

दार कधी उघडतं?

संशोधन झालं. पण ते कपाटात राहू नये म्हणून विद्यापीठात वर्षभर काही ना काही घडत असतं. बाहेरून बघणाऱ्याला हे सगळं 'कार्यक्रम' वाटतं. पण प्रत्येकाचं काम वेगळं.

सगळ्यात रोजचं म्हणजे व्याख्यान. कुणीतरी बाहेरून आलेला अभ्यासक तासभर बोलतो आणि मग प्रश्न. नुकताच आलेला विद्यार्थीही ज्येष्ठांना "हे पटलं नाही" म्हणू शकतो. ही सवय लागणं हेच अर्धं शिक्षण. दुसरं, प्रबंधाची जाहीर परीक्षा. पीएच.डी.चा विद्यार्थी पाच-सहा वर्षांचं काम सगळ्यांसमोर मांडतो आणि परीक्षक त्याला उभं-आडवं विचारतात. बंद खोलीत दिलेल्या पदवीपेक्षा उजेडात दिलेली पदवी जास्त भरवशाची असते.

तिसरा, विद्यार्थ्यांचा 'प्रवेग' हा महोत्सव. विज्ञान, तंत्रज्ञान आणि गाणी-नाटकं असं सगळं त्यात असतं, आणि तो विद्यार्थीच चालवतात. चौथा आणि मला सगळ्यात प्रिय, 'ओपन डे'. साधारण फेब्रुवारी-मार्चमध्ये एक दिवस आवार सगळ्यांना खुलं असतं, तेही मोफत. शाळेच्या गणवेशातली मुलं, आजी-आजोबा, शेजारच्या वस्तीतली कुटुंबं, सगळी लोटतात. उच्च दाबाच्या विजेच्या प्रयोगशाळेत कृत्रिम वीज कडाडताना दाखवतात, तिथे तर रांगच लागते. संशोधकाला त्या दिवशी आपलं काम आठवीच्या मुलीला समजेल असं सांगावं लागतं. त्यात ज्याची भंबेरी उडते, त्याला आपलं काम आपल्यालाच किती कळलंय, याचा अंदाज येतो.

आणि पाचवं, कमी दिसणारं काम. चित्रदुर्ग जिल्ह्यात चळ्ळकेरेजवळ संस्थेचं १५०० एकरांचं दुसरं आवार आहे. तिथे शाळा-महाविद्यालयांतले विज्ञानशिक्षक येऊन राहतात, स्वतः प्रयोग करतात आणि आपापल्या गावी परततात. एका शिक्षकामागे किती मुलं, हा हिशेब तुम्हीच करा.

पण याच आवाराची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. ती जमीन म्हैसूरच्या राजांच्या 'अमृतमहाल' गुरांसाठी राखलेल्या कुरणांपैकी होती. आसपासचे पशुपालक तिच्यावर अवलंबून होते. हे गवताळ रान इतर काही सरकारी संस्थांना आणि या संस्थेला मिळून दिलं गेलं, तेव्हा लोकांनी हरकत घेतली आणि प्रकरण राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणापर्यंत गेलं. विद्यापीठ चांगलं काम करतं म्हणून त्याला कुंपण घालताना कुणाला विचारायचं नाही, असं होत नाही. ज्या संस्थेने पुऱ्यात गावाचं ऐकून घेऊन काम सुधारलं, तिला हे वेगळं सांगायला नको.

आणि दार कुणाला उघडतं?

१९३३ साली मुंबई विद्यापीठाच्या पदवी परीक्षेत पहिल्या आलेल्या कमला भागवत यांनी इथे प्रवेशासाठी अर्ज केला. त्यांचे वडील आणि काका याच संस्थेत शिकलेले होते. संचालक होते नोबेल मिळवलेले सी. व्ही. रामन. अर्ज नाकारला गेला, कारण अर्जदार मुलगी होती. कमलाबाई परत गेल्या नाहीत. त्या बंगळुरूला आल्या, रामन यांच्यासमोर उभ्या राहिल्या, सत्याग्रह करीन म्हणाल्या. शेवटी प्रवेश मिळाला, पण अटींवर. पहिलं वर्ष नियमित विद्यार्थिनी म्हणून नाही, काम पसंत पडलं तरच पुढे.

त्यांनी श्रीनिवासय्या यांच्या मार्गदर्शनाखाली दूध आणि डाळींमधल्या प्रथिनांचं काम केलं. एका वर्षाने रामन यांची खात्री पटली आणि मुलींना दार उघडलं. पुढे कमलाबाई केंब्रिजला गेल्या, १९३९ मध्ये त्यांना पीएच.डी. मिळाली. लग्नानंतरचं नाव कमला सोहोनी. दुर्गाबाई भागवतांच्या त्या धाकट्या बहीण. मुंबईच्या विज्ञान संस्थेत त्यांनी नीरेवर केलेलं पोषणाचं काम राष्ट्रपती पुरस्काराने गौरवलं गेलं. पण बंगळुरूचा तो अपमान आपण विसरलो नाही, हे त्यांनी उतारवयातही जाहीरपणे सांगितलं.

ही गोष्ट आपण 'जिद्दीची कहाणी' म्हणून सांगतो आणि टाळ्या वाजवतो. मला तिचा अर्थ जरा वेगळा दिसतो. विद्यापीठात कोणते प्रश्न विचारले जातील, हे आत कोण आलंय यावर ठरतं. चूल, सरपण, डाळीतलं प्रथिन, आजीची बोली हे प्रश्न बाहेरच राहिले असते, जर ते ओळखणारी माणसं आत आली नसती. कमलाबाई जिंकल्या, हे खरं. त्यांच्याआधी किती जणी अर्ज न करताच थांबल्या असतील, त्यांची नोंद कुठल्याच वहीत नाही.

तर मग, विद्यापीठ कसं आहे हे कसं ओळखायचं?

बंगळुरूचं उदाहरण मोठं आहे, पैसा आणि नाव असलेलं. तुमच्या गावचं विद्यापीठ असं नसेल. पण तीन प्रश्न कुठेही विचारता येतात, नागपूरला, ग्वाल्हेरला, हैदराबादला.

पहिला, इथे दहा वर्षांहून जुनं कोणतं काम अजून चालू आहे? उत्तर मिळालं, तर समजा की इथे कुणाला तरी थांबता येतं.

दुसरा, वर्षातून कोणत्या दिवशी मी, म्हणजे इथला विद्यार्थी नसलेला माणूस, आत येऊन प्रश्न विचारू शकतो? 'कोणत्याच नाही' हे उत्तर आलं, तर एक पत्र लिहा. सार्वजनिक पैशावर चालणाऱ्या जागेला हे विचारायचा आपल्याला हक्क आहे.

तिसरा, इथला कोणता प्रश्न या गावातून आला आहे? इथल्या नदीतून, इथल्या शेतातून, इथल्या भाषेतून?

फी आणि पगार जरूर विचारा. त्याबरोबर हे तीन प्रश्नही विचारा, आणि शक्य असेल तर मुलीला किंवा मुलालाच विचारू द्या. पुढच्या भागात आपण यांतला तिसरा प्रश्न उचलू आणि नदीच्या काठावरची काही महाविद्यालयं त्या नदीबद्दल काय काय मोजू शकतात, ते बघू.

भेटू. नमस्कार.